आईचं काय चुकलं?

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात एक लहानशी बालवाडी आहे. तिथे आम्ही अधूनमधून जातो. जातो ते मुलांना भिंग दाखवायला, चुंबकाशी खेळायला. बालमानसशास्त्र हा आमचा विषय नव्हे. तरी शास्त्रज्ञ म्हटलं की माणसं कुठलाही प्रश्न विचारतात, तसंच तिथल्या ताईंनी एकदा विचारलं.

त्यांच्यापुढे एका चार वर्षांच्या मुलाची डायरी होती. मुलगा इतरांना ढकलायचा, रांगेत उभा राहायचा नाही, आठवड्यातून एकदा तरी कुणाला चावायचा. ताईंनी डायरीत लिहिलं होतं, ‘मुलगा मारामारी करतो. आईने लक्ष द्यावे.’ त्या ओळीखाली आईची सही होती. मागच्या पानावरही तीच ओळ, तीच सही. त्याच्या मागच्या पानावरही.

‘‘लिहून लिहून मीच कंटाळले,’’ ताई म्हणाल्या. ‘‘तुम्हीच सांगा, लक्ष द्यावे म्हणजे तिने नेमकं काय करावं?’’

आम्हाला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वाचायला सुरुवात केली, तेव्हा हळूहळू ध्यानात आलं, की ‘आईने लक्ष द्यावे’ या तीन शब्दांना जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो विज्ञानाला सगळाच अभिमानास्पद नाही.

सुरुवात अमेरिकेतून करू. जॉन वॉटसन हे तिथले एक वजनदार मानसशास्त्रज्ञ. दिसतं, मोजता येतं ते वर्तन तेवढंच विज्ञान, असं मानणाऱ्या पंथाचे संस्थापक. 1928 मध्ये त्यांनी पालकांसाठी एक पुस्तक लिहिलं. त्यातला सल्ला असा, की मुलांना कुरवाळू नका, पापे घेऊ नका, मांडीवर बसवू नका. फारच वाटलं तर रात्री झोपताना कपाळाचा एक पापा, आणि सकाळी हात मिळवा! आईची माया मुलाला दुबळं करते, असं त्यांचं म्हणणं. यासाठी त्यांच्याकडे पुरावा काय होता? फारसा नव्हताच. पण सांगणारा शास्त्रज्ञ होता, आणि पुस्तक खपलं.

वीस-पंचवीस वर्षांत सल्ला अगदी उलटा झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात अनाथ, बेघर मुलांचा प्रश्न उभा राहिला. जागतिक आरोग्य संघटनेने जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञांकडून त्यावर अहवाल मागवला. तो 1951 मध्ये आला. संस्थांमध्ये, दवाखान्यांत मायेच्या माणसावाचून महिनोन्‌महिने राहिलेल्या मुलांची वाढ कशी खुंटते हे त्यांनी दाखवलं. त्यातला गाभा आजही खरा मानला जातो. लहान मुलाला कुणातरी ठरावीक माणसाचा टिकाऊ आधार लागतो, आणि तो नसला तर खोल इजा होते.

पण अहवालातली मुलं कुठली होती हे लोक विसरले. अनाथालयात वाढणारं मूल आणि आई आठ तास कामाला जाते म्हणून आजीजवळ राहणारं मूल यांत जमीन-अस्मानाचा फरक. तरी दोघांना एकच नियम लावला गेला, की आई घराबाहेर गेली म्हणजे मूल बिघडणार. लढाईच्या काळात बायका कारखान्यांत हव्या होत्या, तेव्हा ब्रिटनमध्ये सरकारने पाळणाघरं काढली होती. लढाई संपल्यावर त्यातली पुष्कळशी बंद झाली. बोल्बींचा अहवाल अशा वेळी सोयीचा ठरला. जाता जाता सांगायचं, तर बोल्बींना स्वतःला लहानपणी वाढवलं ते मुख्यतः दाईने. ते चार वर्षांचे असताना ती घर सोडून गेली, आणि तो चटका त्यांना जन्मभर आठवत राहिला. म्हणजे ज्या ‘आई’चा विरह त्यांनी अनुभवला होता, ती त्यांची जन्मदाती नव्हती.

पुढे 1972 मध्ये मायकेल रटर यांनी हा सगळा पुरावा पुन्हा तपासला. ‘आईपासून दुरावा’ या एका नावाखाली अनेक निरनिराळ्या गोष्टी एकत्र कोंबल्या आहेत, हे त्यांनी दाखवलं. उपासमार, घरातली भांडणं, माणसांची सतत अदलाबदल, खेळायला-बोलायला कुणी नसणं, या प्रत्येकाचा परिणाम वेगळा. आणि मूल एकापेक्षा जास्त माणसांशी जिव्हाळा जोडतं. आपल्याकडच्या कुठल्याही आजीने हे न वाचता सांगितलं असतं.

या इतिहासातलं सर्वांत काळं पान मात्र आत्ममग्न मुलांच्या आयांचं आहे. 1943 मध्ये लिओ कॅनर यांनी अशा मुलांचं पहिलं नीट वर्णन केलं. डोळ्याला डोळा न देणारी, एकटी एकटी राहणारी, त्याच त्या गोष्टीत गुंतणारी मुलं. त्यांचे आईवडील थंड स्वभावाचे आहेत अशी टिप्पणी कॅनर यांनी केली, आणि तिचा पुढे सिद्धान्त झाला. शीतकपाटासारखी आई, म्हणून मूल असं. ब्रुनो बेटलहाइम यांनी 1967 मधल्या पुस्तकात तो घराघरांत पोचवला. आधीच खचलेल्या हजारो बायकांना डॉक्टरांकडून ऐकावं लागलं, की हे तुमच्यामुळे झालं. त्याला पहिला मोठा छेद दिला तो बर्नार्ड रिमलँड यांनी 1964 मध्ये. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि अशाच एका मुलाचे वडीलही. हा मेंदूच्या घडणीचा प्रश्न आहे असं त्यांनी पुराव्यानिशी मांडलं. 1977 मध्ये सुसान फोल्स्टाइन आणि रटर यांनी 21 जुळ्या जोड्या तपासल्या. हुबेहूब जुळ्यांच्या 11 जोड्यांपैकी चार जोड्यांत दोन्ही मुलं आत्ममग्न होती. साध्या जुळ्यांच्या दहा जोड्यांपैकी एकाही जोडीत तसं नव्हतं. जोडीतल्या दोघांची आई तर एकच असते. संख्या लहान होती, पण दिशा स्पष्ट होती. पुढच्या संशोधनाने ती पक्की केली. कॅनर यांनीही 1969 मध्ये पालकांच्या सभेत त्यांना दोषमुक्त जाहीर केलं. उशिरा का होईना.

इथपर्यंत वाचून आम्हाला वाटलं, की डायरीतली ओळ खोडून टाकायला सांगावं. पण ते घाईचं झालं असतं. घरातलं वागणं आणि मुलाचं वागणं यांचा संबंध आहेच, आणि तो मोजलाही गेला आहे.

डायना बॉमरिंड यांचं नाव शिक्षकांनी बी.एड.च्या पुस्तकात वाचलं असेल. कॅलिफोर्नियात बर्कले इथे 1960 च्या दशकात त्यांनी आधी बालवाडीतली मुलं पाहिली. कोण मनमोकळं, स्वतःवर ताबा असलेलं. कोण कुढं, संशयी. कोण चटकन रडणारं, कशालाही न थांबणारं. मग त्यांच्या घरी जाऊन आईवडिलांचं वागणं नोंदवलं. पहिल्या गटाच्या घरी नियम ठाम होते, पण कारण सांगून, माया ठेवून. दुसऱ्याच्या घरी नुसता हुकूम. तिसऱ्याच्या घरी माया होती, पण धरबंध नव्हता. यातून ‘खंबीर आणि मायाळू’ पालक सर्वांत बरे, हा निष्कर्ष जगभर गेला. बॉमरिंड यांचा अभ्यास काळजीपूर्वक केलेला होता. त्यातली कुटुंबं मात्र बहुतेक गोरी, मध्यमवर्गीय, शिकलेली. 1972 मध्ये त्यांनी स्वतःच थोड्या कृष्णवर्णीय कुटुंबांची पाहणी केली, तेव्हा गंमत झाली. हुकमी म्हणाव्या अशा घरांतल्या मुली मुळीच कुढ्या नव्हत्या, चांगल्या धीट आणि स्वतंत्र होत्या. 1994 मध्ये रूथ चाओ यांनी चिनी कुटुंबांबद्दल असाच मुद्दा मांडला. तिथे आईची कडक शिस्त मुलाला ‘आपली काळजी घेतली जाते’ अशी पोचते. ‘एक धपाटा देईन हं’ म्हणणारी आपली आई यातल्या कुठल्या रकान्यात बसवायची? ते वाक्य कुठल्या सुरात म्हटलं गेलं हे ऐकल्याशिवाय ठरवता येत नाही, आणि प्रश्नावलीला सूर ऐकू येत नाही.

दुसरी अडचण जास्त मूलभूत आहे. आई रागावते आणि मूल दांडगट आहे, या दोन गोष्टी एकत्र आढळल्या. आता कशामुळे काय झालं? आपण सरळ धरून चालतो, की आई रागावली म्हणून मूल दांडगट झालं. पण मूल दांडगट आहे म्हणून आई रागावत असेल तर? रिचर्ड बेल यांनी 1968 मध्ये हा साधा प्रश्न विचारला, आणि तोवरच्या ढीगभर संशोधनाचा अर्थ उलटाही लावता येतो हे दाखवून दिलं. त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस हे डॉक्टर दांपत्य 133 मुलांची जन्मापासून नोंद ठेवत होतं. 1956 साली सुरू केलेलं हे काम. त्यांना दिसलं, की पहिल्या काही महिन्यांतच बाळांच्या स्वभावात फरक असतो. दहातली चार बाळं सोपी, भूक-झोप वेळेवर. एखादं अवघड, प्रत्येक नव्या गोष्टीला मोठ्याने नकार देणारं. काही हळूहळू रुळणारी. बाकीची कुठल्याच एका गटात नीट न बसणारी. दोन मुलांच्या आईला हे सांगायला संशोधन लागत नाही. एका मुलाची आई मात्र आपलंच काहीतरी चुकलं असं समजते.

बेल यांच्या प्रश्नाचं उत्तर प्रयोगाने कसं शोधायचं? 1986 मध्ये कॅनडातल्या अँडरसन, लिटन आणि रॉमनी या संशोधकांनी तो प्रयोग केला. आम्हाला तो इतका आवडला की जरा सविस्तर सांगतो. त्यांनी दोन प्रकारच्या आया घेतल्या. एकींचे मुलगे मारामारी, उर्मटपणा यासाठी उपचार घेणारे, दुसऱ्यांचे साधे. मुलांचं वय सहा ते अकरा. आता प्रत्येक आईला तीन वेळा बसवलं. एकदा आपल्या मुलाबरोबर, एकदा दुसऱ्या कुणाच्या दांडगट मुलाबरोबर, एकदा दुसऱ्या कुणाच्या साध्या मुलाबरोबर. खेळ, आवराआवर, गणितं, अशी कामं दिली आणि आया काय बोलतात ते मोजलं.

आईच्या स्वभावात खोट असती, तर दांडगट मुलाची आई साध्या मुलावरही डाफरली असती, आणि साध्या मुलाची आई दांडगट मुलाशीही गोड राहिली असती. झालं उलटंच. दांडगट मुलाबरोबर बसवल्यावर दोन्ही प्रकारच्या आया जास्त हुकूम सोडू लागल्या, जास्त चिडल्या. साध्या मुलाबरोबर दोघीही निवांत. आयांच्या दोन गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. फरक मुलांत होता. त्याआधी, 1979 मध्ये, बार्कले आणि कनिंगहॅम यांना असंच काहीसं दिसलं होतं. अतिचंचल मुलांना औषध दिल्यावर मुलं शांत झाली, आणि त्यांच्या आयांचे हुकूमही आपोआप कमी झाले. आयांना औषध कुणीच दिलं नव्हतं.

म्हणजे आई सुटली आणि मूल अडकलं, असं नव्हे. ऑरेगॉनमधले जेराल्ड पॅटरसन वर्षानुवर्षं घराघरांत बसून भांडणं नोंदवत होते. 1982 मध्ये त्यांनी मांडलेलं चित्र आपल्या ओळखीचं आहे. मूल दुकानासमोर गोळीसाठी भोकाड पसरतं. आई नाही म्हणते. मूल आवाज चढवतं, आईही चढवते. शेवटी लोक बघायला लागतात, आई गोळी घेऊन देते. मुलाला कळलं, की ओरडलं की मिळतं. आईला कळलं, की दिलं की शांतता मिळते. दोघांनाही बक्षीस मिळालं. उद्या दोघं तेच करतील, जरा वरच्या पट्टीत. कुठल्या तरी दिवशी हे चक्र थांबवावं लागतं, ते थांबवणं मोठ्या माणसाच्याच हातात असतं, आणि ते शिकवता येतं. शिकवल्यावर मुलांचं वागणं बदलतं, हेही पॅटरसन आणि त्यांच्यानंतरच्या अनेकांनी दाखवलं आहे. पण चक्र थांबवायला तेवढा धीर शिल्लक लागतो. दोन शिफ्टच्या मध्ये, पाण्याची वेळ गाठताना तो कुठून आणायचा?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना एक जुना अभ्यास हाती लागला. 1950 च्या दशकात संशोधकांच्या सहा जोड्या जगातल्या सहा ठिकाणी जाऊन राहिल्या. केनिया, मेक्सिको, फिलिपीन्स, ओकिनावा, अमेरिकेतलं एक गाव, आणि आपल्या उत्तर प्रदेशातलं खालापूर. आया मुलांना कशा वाढवतात याची त्यांनी तुलना केली. ली मिंटर्न आणि विल्यम लँबर्ट यांनी 1964 मध्ये निष्कर्ष छापले. आई किती मायाळू, किती चिडकी, हे तिच्या विचारांपेक्षा तिच्या घराच्या रचनेवर जास्त अवलंबून निघालं. घरात हात द्यायला दुसरं कुणी आहे का? दिवसभर मुलांबरोबर ती एकटीच असते का? एकट्या पडलेल्या आया जास्त चिडत होत्या. हाताशी आजी किंवा कुणी मोठं माणूस असेल तिथे माया जास्त होती. अभ्यास सहाच ठिकाणांचा, तेव्हा त्यावर फार मोठा इमला बांधू नये. पण ताईंच्या डायरीला तो एक वेगळाच प्रश्न विचारतो.

हाच प्रश्न आपल्याकडे निराळ्या वाटेने येऊन पोचला होता. गिजुभाई बधेका हे मुळात वकील. मुलगा झाल्यावर त्याला वाढवायचं कसं या विचारात ते माँटेसरीबाईंच्या पुस्तकापर्यंत आले, वकिली सोडली, आणि 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं. लोक त्यांना कौतुकाने ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई म्हणत. आईपण हे काम आहे आणि ते कुणीही शिकू शकतं, हे त्या दोन शब्दांत आलं. 1923 मध्ये ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. ताराबाई पतीपासून विभक्त झालेल्या, एका मुलीला एकटीने वाढवणाऱ्या. त्या काळात अशा बाईला समाज काय बोलत असेल याची कल्पना करावी. 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला. ‘शिक्षणपत्रिके’तून ताराबाई मराठी पालकांशी बोलू लागल्या. 1936 मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केलं. दादरची मुलं मध्यमवर्गीय होती. खरी परीक्षा 1945 मध्ये बोर्डीला गेल्यावर झाली.

तिथे अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. बालवाडी काढली, पण दलित वस्तीतली मुलं येईनात. मुलांना आंघोळ घालून, केस विंचरून, वेळेवर पाठवायला आयांना फुरसत कुठली? ‘आईने लक्ष द्यावे’ असा निरोप धाडता आला असता. ताराबाईंनी बालवाडीच उचलून वस्तीत नेली. कुणाच्या तरी अंगणात सडा घालायचा, तिथेच मुलांना धुवायचं-पुसायचं, तिथेच गाणी आणि खेळ. तीच अंगणवाडी. पुढे कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये, दुसरी अडचण आली. शाळेच्या वयाच्या मुली शाळेत येत नव्हत्या, कारण कडेवर धाकटं भावंडं असायचं. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा अशी एकत्र विकासवाडी उभी राहिली. बाळ पाळण्यात, मधलं बालवाडीत, ताई वर्गात. जी मुलं गुरांमागे जात त्यांच्यासाठी शाळा कुरणात गेली. खालापूरचे निष्कर्ष छापून येण्याच्या कितीतरी आधी बोर्डीत त्यावर काम सुरू झालं होतं.

2 ऑक्टोबर 1975 ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना देशात 33 ठिकाणी सुरू झाली, आणि बोर्डीचा शब्द देशभर गेला. शब्द गेला, पोषण आणि लसीकरणही गेलं, आणि त्याचं मोल मोठं आहे. अंगणवाडी मात्र सहसा काही तासच चालते. कारखान्यातली पाळी आठ तासांची असते.

विक्रोळीला हे वेगळं सांगायला नको. रेल्वेच्या पूर्वेला गोदरेजचे कारखाने आले, कामगारांची वसाहत आली. 1955 मध्ये त्याच वसाहतीत उदयाचल शाळा सुरू झाली. 1948 च्या कारखाना कायद्याने पन्नासाहून जास्त स्त्रिया असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं, 1976 मध्ये ती मर्यादा तीसवर आणली. 2017 मध्ये प्रसूतीची रजा 26 आठवडे झाली आणि पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. पण ज्या बाईच्या मुलाची डायरी आम्ही पाहिली, ती चार घरची स्वयंपाकाची कामं करते. तिला यातला एकही कायदा लागू नाही.

हे सगळं आम्ही ताईंना सांगितलं, एका दमात नव्हे, दोन-तीन शनिवार मिळून. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एक गोष्ट आमच्या लक्षात आणून दिली. बालवाडीच्या प्रवेशाच्या कागदावर आईचं शिक्षण, आईचा व्यवसाय, वडिलांचा व्यवसाय असे रकाने आहेत. मूल दिवसभर कुणाजवळ असतं हे कुठेच विचारलेलं नाही. जूनपासून त्यांनी कागदाच्या तळाशी हाताने एक ओळ घातली, ‘दुपारी मूल कोणाजवळ असते?’

उत्तरं आम्ही नंतर वाचली. बऱ्याच ठिकाणी आजी. काही ठिकाणी शेजारच्या काकू, चाळीतली किंवा मजल्यावरची. ज्यांची जुनी इमारत पाडून टॉवर होतो आहे आणि जे तोवर भाड्याने दुसरीकडे गेले आहेत, त्यांच्याकडे हा रकाना रिकामाच होता. कारण काकू मागे राहिल्या, किंवा त्याही कुठेतरी भाड्याने गेल्या. चावणाऱ्या मुलाच्या कागदावर आईने लिहिलं होतं, ‘मोठी बहीण, वय 9, शाळा सकाळची.’

ताईंनी त्या बहिणीला भेटायला बोलावलं. ती दप्तर घेऊनच आली, भावाचा हात घट्ट धरून, आणि पहिलं वाक्य बोलली ते हेच, ‘‘बाई, मी त्याला मारत नाही. तो ऐकतच नाही माझं.’’ आता दुपारी बारा ते दोन तीही बालवाडीतच बसते, अभ्यास करते, आणि धाकट्यांना गोष्ट वाचून दाखवते. भाऊ अजून कधीकधी चावतो. डायरीत ताई आता तारीख, वेळ आणि त्याआधी काय झालं होतं ते लिहितात. परवा दाखवलं तेव्हा त्यातल्या सातपैकी पाच नोंदी डबा खायच्या आधीच्या होत्या.